ओवीच्या दातांसाठी एक घागर

मी एक जुनी तांब्याची घागर आहे. माझ्या पोटाला दोन पोचे आहेत, काठ एका बाजूला किंचित दबला आहे. तरी चिंच लावून घासलं की आजही मी देवघरातल्या समईशेजारी बसायला लाजत नाही. मित्रांनो, तुमच्या घरची घागर कदाचित माळ्यावर गेली असेल, नाहीतर मोडीत. मी मात्र अजून रोज डोक्यावर बसून फिरते. हे ज्यांच्यामुळे घडलं, त्यांचे उपकार सांगावेत म्हणून आज बोलते आहे. माझ्या पोटातून एक चूकही घडली. तीही सांगणार आहे, कारण चूक लपवून मानलेले आभार देवापर्यंत पोचत नाहीत.

माझा जन्म जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेतला. एका म्हाताऱ्या तांबटाने पत्रा तापवला, ठोकला, पुन्हा तापवला, पुन्हा ठोकला. माझ्या अंगावर दिसतात ते चकाकणारे ठिपके म्हणजे त्याच्या हातोडीचे ठोके. मी तयार झाले तेव्हा त्याने मला बोटाने वाजवून पाहिलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "घेऊन जा, पावणं. ही घरात नांदंल." ते गिऱ्हाईक म्हणजे कुशाबाईचे वडील. लेकीच्या लग्नाच्या भांड्यांबरोबर मी एस.टी.च्या टपावर बसले आणि बेल्ह्याजवळच्या एका मळ्यातल्या वस्तीवर आले.

कुशाबाईची ओळख करून देते. फार हळू बोलणारी बाई. दारात कुत्रं आलं तर ती "हाड" म्हणत नाही, "जा बाबा तिकडं" म्हणते. सोमवार, एकादशी, चतुर्थी तिने कधी चुकवली नाही. चातुर्मासात ती एक आवडता पदार्थ सोडते. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तिच्या तोंडात घोट जात नाही, आणि ते पाणी माझ्यातलं असतं. मला याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

सुरुवातीची वर्षं कष्टाची होती. ओढ्याकाठच्या विहिरीवरून दिवसाला सात-आठ खेपा. फाल्गुन लागला की विहिरीचा तळ दिसायचा, मग बाया वाटीने पाणी भरायच्या. मुलगा लग्नाचा झाला, तेव्हा अशाच एका वर्षी कुशाबाईने सोळा सोमवारांचं व्रत धरलं. तिचे यजमान भगवंतराव यांनी घरामागे बोअर घ्यायचं ठरवलं. दोनशे फुटांवर नुसती धूळ. अडीचशेवर धूळ. व्रताच्या उद्यापनाच्या दिवशी, दुपारी, सव्वातीनशे फुटांवर पाण्याची धार आभाळात उडाली. कुशाबाई नैवेद्याचं ताट हातात घेऊन तशीच भिजली. हळदीकुंकू वाहून तिने मला त्या पहिल्या पाण्याने भरलं आणि सगळ्यांदेखत नेम बोलली.

"देवा, हे तुझं देणं हाय. मी हाय तवर देवाला, लेकरांना आन् वाटंच्या माणसाला हेच पाणी, ह्याच घागरीतनं."

तिने तो नेम पाळला. रात्री ती मला भरून ठेवायची. सकाळी आधी देवपूजा, मग घरातल्या प्रत्येकाच्या ओंजळीत पळीभर तीर्थ, मग सगळ्यांचं दिवसभराचं पिणं. चैत्र-वैशाखात बाजाराच्या दिवशी ती मला रस्त्याकडेच्या लिंबाखाली नेऊन ठेवायची. बेल्ह्याच्या बाजाराला बैल घेऊन जाणारे टेम्पो तिथे थांबायचे.

"मावशे, लई हलकं पाणी हाय तुझं," एखादा व्यापारी म्हणायचा. "आमच्याकडचं पिलं की पोटात धोंडा बसतो."

"बोअरचं हाय. देवाचं देणं," ती म्हणायची. "बैलाला पण पाज, दादा."

पाणी कसं होतं? काचेसारखं स्वच्छ. वास नाही, खारटपणा नाही. मला वाटायचं, माझ्या पोटात एक रात्र काढली की पाण्यातलं सगळं वाईट निघून जातं. सगळेच तसं म्हणायचे, आणि स्तुती ऐकायला कुणाला आवडत नाही?

बोअर लागल्यानंतर चार वर्षांनी कुशाबाईला नात झाली. तिचं नाव अक्षदा. ती सात-आठ वर्षांची झाली, दुधाचे दात पडून नवे आले, आणि त्या नव्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे दिसू लागले. पुढे ते पिवळे झाले, मग तपकिरी. शेजारची शीला एकदा हसत हसत म्हणाली, "कुशाकाकू, नात मिसरी लावायला लागली का काय? आत्तापासनंच?"

"मी न्हाई लावत मिसरी!" अक्षदा ओरडली.

"मंग दात काय चहानं रंगले व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून कुशाबाईने नातीला राखुंडी आणि मीठ घेऊन बसवलं. रोज दोन वेळा. बोट जोरात फिरवायचं. पोरीच्या हिरड्यांतून रक्त यायचं, डाग मात्र जायचे नाहीत. मी ओसरीवरून बघत होते. चूळ भरायला पाणी माझ्यातूनच घेतलं जायचं! अक्षदा हळूहळू तळहात तोंडावर ठेवून हसायला शिकली. शाळेच्या फोटोत सगळ्या मुली हसल्या, हिचे ओठ तेवढे घट्ट मिटलेले. घरात कुणाला वाटलं पोरगी चॉकलेट खाते, कुणाला वाटलं दात घासायचा कंटाळा करते. तिच्यावर विश्वास फक्त तिच्या आईचा, आरतीचा. पण आरती सासूपुढे बोलत नसे.

याच सुमारास भगवंतरावांचे गुडघे आखडले. सकाळी उठताना ते भिंत धरायचे. शीलाच कुठूनतरी ऐकून आली, "पाण्यात कायतरी असतंय म्हणं. आटवून प्यावं."

झालं. कुशाबाईने आपल्या नेमात आणखी एक नेम घातला. चुलीवर मोठं पातेलं ठेवायचं, एक पातेलं पाणी पाऊण होईपर्यंत खळखळ उकळायचं, निवलं की माझ्यात ओतायचं. भगवंतराव चेष्टा करायचे, "कुशे, पाणी आटवतीस का बासुंदी?"

"तुमच्याच गुडघ्यांसाठी चाललंय," ती म्हणायची. एवढ्या कष्टाने, एवढ्या मायेने तिने ते पाणी आटवलं. तोवर घरात दुसरी नात आली होती. तिचं नाव ओवी. ओवी पाळण्यातून उतरली, चालू लागली, अडीच वर्षांची झाली. ती माझ्या काठाला दोन्ही हातांनी धरून आत डोकवायची आणि "ऊ" करायची. मी तिला "ऊ" परत द्यायचे. ती तेच आटवलेलं पाणी पीत होती.

मित्रांनो, आता रत्नाबद्दल सांगते. ओढ्यापलीकडे बौद्ध कुटुंबांची वस्ती आहे. रत्ना तिथली सून. ग्रामपंचायतीने गावातल्या काही बायांना पाणी तपासायला शिकवलं, त्यांतली ती एक. एका सकाळी निळी पेटी घेऊन ती आमच्याकडे आली आणि अंगणातच उभी राहिली. ओढ्यापलीकडच्या माणसांनी अंगणातच थांबायचं, असा नियम कुणी लिहून लावला नव्हता. पण तो सगळ्यांना पाठ होता.

"काकू, बोअरचं पाणी तपासायचंय. गावातल्या सगळ्याच बोअरचं चाललंय."

"तपास की, बाई. आमचं पाणी वाईट न्हाई."

रत्नाने एका छोट्या नळीत बोअरचं पाणी घेतलं, बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकले, नळी हलवली. अक्षदा अगदी जवळ जाऊन उभी राहिली. रत्ना तिला समजावू लागली, "पाणी चांगलं असलं की रंग गुलाबी राहतो. फ्लोराइड जास्त असलं की पिवळा पडत जातो."

पाणी पिवळं पडलं.

रत्नाने पेटीतला रंगांचा तक्ता लावून पाहिला. "लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत बरं. दुसरी सोयच नसंल, तर फार तर दीड. हे तीनाच्या पुढं दिसतंय, काकू. फ्लोराइड थोडं असलं तर दातांना चांगलंच असतंय. पण जास्तीचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, की लहान लेकरांचे दात डागाळतात. लई वर्षं गेलं तर हाडं, सांधेबी आखडू शकतात."

"म्हंजी माझे डाग…" अक्षदाचा हात तोंडाकडे निघाला होता, तो मधेच थांबला.

"तुझ्या दातांचं डॉक्टरच सांगतील. पण मला तर हे पाण्याचंच दिसतंय. ह्यात तुझी चूक न्हाई, गं."

कुशाबाई घाईने म्हणाली, "पण आमी बोअरचं तसंच कुठं पितो? आटवून, तांब्यात ठिवून पितो. ह्यातलं तपास." तिने मला उचलून पुढे केलं. मी मनात म्हटलं, आता बघा! मी इतकी वर्षं कशासाठी आहे?

रत्नाने माझ्यातलं पाणी दुसऱ्या नळीत घेतलं. थेंब टाकले. दोन्ही नळ्या शेजारी धरल्या.

माझ्यातलं पाणी जास्त पिवळं होतं.

रत्ना हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, उकळल्यावर जंतू मरतात, खरंय. पण हे जंतू न्हाईत. खोल खडकातनं पाण्यात विरघळून आलेलं हाय. पाण्याची वाफ जाती, हे खालीच राहतं. पाणी कमी झालं की ते उलट दाट व्हतं. तांब्यालाबी ते काढता येत न्हाई."

मित्रांनो, मी तांब्याची आहे, मला रडता येत नाही. इतकी वर्षं मी पाण्याला शुद्ध करते अशा गर्वात होते, आणि मी नुसती ते धरून ठेवत होते. कुशाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग ओवीकडे पाहिलं.

"हिला पण…?"

"ओवीचे अजून दुधाचे दात हायेत," रत्ना म्हणाली. "पक्के दात आत्ता हिरडीच्या आत घडतायत. जे घडायचेत ते अजून वाचतील. पाणी आजच बदला, काकू. आमच्या वस्तीची विहीर उथळ हाय, मी तपासली. गुलाबी राहती."

त्या दिवशी नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेकडे गेला. आठ दिवसांनी कागद आला, त्यात आकडा तोच. अक्षदाला आणि भगवंतरावांना डॉक्टरांकडे नेलं. दातांचे डाग पाण्याचे, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते घासून निघणार नाहीत, पण मोठेपणी उपचार करता येतात. गुडघ्यांचं त्यांनी ठामपणे सांगितलं नाही. वयाचंही असेल, पाण्याचंही असेल, ते म्हणाले. पाणी मात्र बदला.

कुशाबाईने आधी नातीला जवळ घेतलं. "माझं चुकलं, बाय. उगा राखुंडी घासायला लावली." अक्षदा त्या दिवशी आजीच्या मांडीवर खूप रडली. त्या रडण्यात थोडा राग होता, आणि तो असायला हवाच होता.

पण पाणी बदलणं सोपं नव्हतं. आमची ओढ्याकाठची जुनी विहीर बोअर झाल्यापासून गाळाने बुजली होती. बाजारातून पाण्याचे जार आणले. टेम्पो वस्तीवर कधी यायचा, कधी नाही. आला नाही की ओवीच्या ओठांना पुन्हा तेच बोअरचं. ओढ्यापलीकडे जायला कुशाबाईचं पाऊल उचलेना. एकीकडे देवापुढे बोललेला नेम. दुसरीकडे लहानपणापासून मनात बसलेलं, की त्या विहिरीचं पाणी आपल्या देवाला चालत नाही. ती देवघरासमोर बसून राहायची. देवपूजेला मात्र बोअरचंच पाणी होतं, आणि तीर्थही त्याचंच.

असे बारा-तेरा दिवस गेले. एका सकाळी पूजा झाली, कुशाबाई तीर्थाची पळी घेऊन उठली. भगवंतरावांनी घेतलं, अक्षदाने घेतलं. ओवीने सवयीने चिमुकली ओंजळ पुढे केली. तेवढ्यात आरतीने आपला तळहात तिच्या ओंजळीवर धरला.

"आत्याबाई, हिच्या वाट्याचं मला द्या," ती म्हणाली. "मी पिते."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तीर्थाला नाही म्हणायचं तिचं धाडस नव्हतं आणि लेकीला द्यायचंही नव्हतं. तिने दोघींच्या वाट्याचं तीर्थ घेतलं, डोळ्यांना लावलं, प्यायलं. पळीभर पाण्याने काही बिघडलं नसतं. पण आपल्या घरात एक आई देवाच्या तीर्थाला भिते आहे, हे कुशाबाईला दिसलं. तिची पळी ताम्हणात वाजली.

तिने मला रिकामं केलं. घासलं. चुंबळ डोक्यावर ठेवली, मला तिच्यावर ठेवलं आणि अनवाणी निघाली. ओढा ओलांडला.

विहिरीच्या कठड्यावर रत्नाची सासू द्रौपदाबाई बसली होती. जिभेची तिखट बाई.

"कोण, कुशा? अगं बया! आज इकडं? तुमचा देव रागावला का तुमची मोटर जळाली?"

"पाणी पायजे व्हतं, द्रौपदाबाय. घागरभर."

"नातीसाठी ना? रत्नीनं सांगितलंय मला." द्रौपदाबाईने दोर हातात घेतला, पण पोहरा सोडला नाही. "एक सांगू? माझी सासू तुमच्या विहिरीवर जायची. काठाला शिवायचं न्हाई. लांब घागर ठिवून उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरनं वतायचे. कधी कधी दुपार व्हायची."

कुशाबाई खाली बघत उभी राहिली.

"मंग आता तुझ्या घागरीत कसं वतू? लांबनं?"

मग कुशाबाईने मला डोक्यावरून उतरवलं, द्रौपदाबाईच्या पायाशी ठेवलं आणि माझ्या काठावरचा आपला हात काढून घेतला.

"तूच भर. तुझ्या हातानं भर. उद्यापास्नं रोज येणार हाय मी. तवा माझ्या देवाचंबी पाणी हेच."

"देवाला चालंल?"

"माझ्या ओवीला ज्यानं बरं वाटंल, ते त्याला न चालून सांगतो कुणाला?"

द्रौपदाबाई हसली. समोरचे दोन दात पडलेले, तरी तोंडभर हसली. "कुशे, तुला बोलता येतंय की! मला वाटलं तू नुसती पुटपुटतीस." तिने पोहरा सोडला. चार पोहरे माझ्यात ओतले. पाणी गार होतं, त्याला किंचित मातीचा वास होता. बोअरच्या पाण्याइतकं ते चकचकीतही दिसत नव्हतं. "घरी गेल्यावर हे गाळून उकळ," द्रौपदाबाई म्हणाली, "उघडी विहीर हाय. रत्नी औषध टाकती, तरी उकळ. पण आटवत बसू नको!"

त्या सकाळी ओवीला तीर्थ मिळालं.

कुशाबाईने बोअरवर राग धरला नाही. त्या पाण्यात कुणी काही कालवलं नव्हतं. खडकाच्या पोटात जे होतं तेच वर आलं. ऋषीने, म्हणजे तिच्या मुलाने, बोअरच्या पाइपाला लाल रंग दिला आणि 'पिण्यासाठी नाही' असं लिहिलं. तिने त्यालाही हळदीकुंकू वाहिलं. "तू आमचे कांदे पिकवलेस, धुणं-भांडी केलीस. तुझे उपकार हायेत," ती म्हणाली. पाणपोईवर ज्यांना पाणी पाजलं त्यांची आठवण येऊन ती हळहळली. रत्नाने समजावलं, वर्षातून दोनदा पेलाभर पिणाऱ्याला काही होत नाही, बाधतं ते रोजचं. तरी त्या उन्हाळ्यात लिंबाखाली विहिरीचंच पाणी होतं, आणि माझ्याशेजारी द्रौपदाबाई बसली होती. व्यापाऱ्यांना तिचे टोमणे पाण्यापेक्षा जास्त आवडले.

मित्रांनो, आज या गोष्टीला चार वर्षं झाली. रोज पहाटे माझी एक खेप चुकत नाही. श्रावणाच्या चिखलात कुशाबाई एकदा घसरली, तेव्हाचा हा माझा दुसरा पोचा. तो मला दागिन्यासारखा आहे. मी आता पाणी शुद्ध करण्याचा गर्व करत नाही. चांगलं पाणी चांगल्या हातांतून घरी पोचवते, एवढ्यावर मी समाधानी आहे. त्या तांबटाचे, कुशाबाईचे, द्रौपदाबाईचे माझ्यावर उपकार आहेत. सगळ्यांत जास्त उपकार रत्नाचे. तिने मला खोटं पाडलं म्हणून मी खऱ्या उपयोगाची झाले.

तुम्हाला एवढंच सांगते. पाणी स्वच्छ दिसतं, गोड लागतं, देवाच्या नावाने मिळालं आहे, म्हणून ते तपासायचं राहू देऊ नका. वर्षातून एकदा तरी तुमच्या बोअरचं, विहिरीचं पाणी तपासून घ्या. शाळेतल्या बाईंना सांगा, पंचायतीत विचारा. लाल रंग दिलेल्या पंपाचं पाणी तहान लागली तरी पिऊ नका. आणि तुमच्या वर्गात एखादी मुलगी तोंडावर हात ठेवून हसत असेल, तर तिला दातांवरून चिडवू नका. ती काय पाणी पीत मोठी झाली, ते तुम्हाला ठाऊक नसतं.

मागच्या महिन्यात ओवीचा खालचा पहिला दुधाचा दात पडला. आता तिथे पक्का दात वर येतो आहे. अक्षदाने मोबाइलचा उजेड पाडून तो नीट पाहिला. टोकाला पुसटशी पांढरी रेघ आहे, ती आधीच्या पाण्याची असेल. बाकीचा दात अजून हिरडीत आहे. तो कसा निघतो, ते कुणालाच सांगता येत नाही.

हल्ली कुशाबाई सकाळी मला ओट्यावर उतरवते, पदराने हात पुसते आणि ओवीला म्हणते, "आ कर बघू." आधी तो दात बघते. मग देवाकडे जाते.